सापळा वहिनींचा नव्हता

रोज संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या की वहिनी डोळे मिटून कुंपणाभोवती फिरत. उजवा तळहात जाळीवर टेकवलेला आणि डाव्या हातात स्वतःच्या चपला. पायाखालची माती कुठे भुसभुशीत झाली आहे ते अनवाणी पायालाच कळते, असे त्यांचे म्हणणे. परसाच्या एका कोपऱ्यापासून निघून खुराड्याला पूर्ण वळसा घालून त्या पुन्हा तिथेच येत आणि मगच डोळे उघडत. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा बाई काही व्रत करत असाव्यात असे वाटले. विचारले तर म्हणाल्या, "भावजी, चोर काय बॅटरी घेऊन येतो का? तो पंजानं चाचपत येतो. मग आपणही चाचपूनच बघायला नको? डोळे उघडे असले की माणूस बघत नाही, बघितल्यासारखं करतो."

कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत वहिनींवर सहा ओळी आल्या आहेत. त्या धीट होत्या, प्राणिप्रेमी होत्या, गणपतीत शंभर माणसांचा स्वयंपाक एकहाती काढत असत, सगळे खरे आहे. पाचव्या ओळीत मात्र लिहिले आहे की, सापळ्याचा तो दुर्दैवी प्रकार सोडला तर त्यांच्याबद्दल कोणाला कधी तक्रार करावी लागली नाही. त्या पाचव्या ओळीसाठी मी हे लिहितो आहे. सापळा वहिनींचा नव्हता. तो माझा होता. मी विकत आणला, मी लावला आणि आठ वर्षे मी गप्प बसलो. संपादकांनी पुढच्या अंकात हे छापताना काटछाट करू नये. जागा कमी पडली तर माझ्या सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो छापणार आहेत, तो गाळावा.

वहिनी माझ्या नात्यातल्या नव्हेत. त्यांचे यजमान आबा आणि मी एकाच सरकारी खात्यात होतो. दोघांची बदली एकाच वर्षी कोलकात्याला झाली आणि एस्प्लनेडच्या कचेरीत आमची टेबले समोरासमोर आली. निवृत्तीनंतर परत जायचे तर कुठे, हा प्रश्न दोघांनाही पडला आणि दोघांनीही बायपासच्या पलीकडे, जिथे शहर दम खाते आणि मासळीची तळी सुरू होतात तिथे, एका सोसायटीत घरे घेतली. बावीस बैठी घरे, प्रत्येकामागे थोडे परस, परसामागे सामाईक भिंत. भिंतीच्या पलीकडे एक पुकुर, म्हणजे तळे, आणि त्यापुढे माणसाच्या उंचीचे पाणगवत. आमचे घर आठ नंबर, त्यांचे नऊ.

दुसऱ्याच वर्षी आबा गेले. मुलगा बंगळुरूला. तो दर रविवारी फोन करून आईला तिकडे बोलवी आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनींची उत्तरे ऐकू येत.

"एकटी कुठं आहे मी? अठरा जणी आहेत घरात."

"..."

"तुझ्या अकराव्या मजल्यावर कोंबडी ठेवून दाखव, येते."

वहिनी आजऱ्याकडच्या. त्यांच्या आईने कोंबड्यांवर चार मुली वाढवल्या होत्या. सरकारी अधिकाऱ्याची बायको म्हणून त्यांनी तीस वर्षे कोंबडी पाळली नाही, कारण आबांना ते बरे दिसत नसे. आबा गेल्यावर तीनच महिन्यांनी त्यांनी गावठी कोंबड्यांची पहिली टोपली आणली. सोसायटीतले बंगाली शेजारी त्यांना मुर्गी-बौदी म्हणू लागले. बौदी म्हणजे वहिनीच. हे नाव तोंडावर घेतले तरी वहिनी रागावत नसत. "बरोबरच आहे की," म्हणत, "हुद्दा आहे तो माझा."

आमच्या घरात अंडे येत नसे. पण वहिनी रोज सकाळी दोन अंडी आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत आणि माझी पत्नी ती "नातवंडांच्या केकसाठी" म्हणून उचली. आमची नातवंडे तेव्हा वर्षातून एकदा येत. केक मी कधी पाहिला नाही.

पहिल्या वर्षी वहिनींनी सगळे वापरतात तशी षटकोनी भोकांची पातळ जाळी लावली होती. एका सकाळी सात कोंबड्या मेलेल्या सापडल्या. बाई रडल्या नाहीत. एकेक कोंबडी उचलून, मान उलटी करून, पिसे बाजूला सारून पाहिली आणि मला हाक मारली. "या, बघा. मुंगूस असतं तर गळ्याला दात असते. घोरपड अंडी गिळते, ती कोंबडीच्या वाटेला जात नाही. कोल्हा आख्खी उचलून नेतो आणि पिसांची रेघ सोडतो. हे वरून आलंय. जाळी दातानं नाही, वजनानं फाटलीय. हा भाम." भाम म्हणजे आपले उदमांजर. कोलकात्यात जुन्या घरांच्या माळ्यांवर सुद्धा ते राहते. "आणि भामावर माझा राग नाही," त्या पुढे म्हणाल्या. "ही जाळी कोंबडी आत राहावी म्हणून करतात. चोर बाहेर राहावा म्हणून नाही. एवढं मला कळायला पाहिजे होतं."

त्याच दिवशी त्या हावड्याला गेल्या. तिथल्या लोखंडाच्या दुकानांतून अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची, सांधे जोडलेली जाड जाळी त्यांनी निवडली आणि तो गुंडाळा लाँचने हुगळी ओलांडून, मग बसने घरी आणला. बसमधला प्रसंग त्यांनी मला इतक्या वेळा सांगितला की मीच त्या बसमध्ये होतो असे आता वाटते. कंडक्टर म्हणाला, "माशीमा," म्हणजे मावशी, "हे बसमध्ये चालणार नाही."

"का? तिकीट लागतं का याला?"

"तिकीट लागेल, पण लोकांना टोचेल ना!"

"मग दोन तिकिटं दे. एक माझं, एक हिचं. आणि हिला खिडकीची जागा दे, म्हणजे कुणाला टोचणार नाही."

कंडक्टरने खिडकीची जागा दिली. वहिनी उभ्याने आल्या.

ते कुंपण उभारताना मी मदतीला होतो, म्हणजे हातोडी धरून उभा होतो. जाळी जमिनीपर्यंत आणून थांबायचे नाही, हे मला तेव्हा कळले. खाली पोचल्यावर ती बाहेरच्या अंगाला वळवायची, हात-दीड हात मातीखाली पसरायची आणि वरून विटा दाबायच्या. "उकरणारा कुंपणाच्या पायाशीच उकरतो," वहिनी म्हणाल्या. "खाली जाळी लागली की त्याला वाटतं, इथं सगळीकडंच जाळी आहे. चार पावलं मागं जाऊन उकरावं, एवढी अक्कल त्याला नसते. माणसाला असते का, ते मला माहीत नाही." वर छप्परभर जाळी. दाराला दोन कड्या, एक वर उचलायची आणि एक फिरवायची. कोंबड्यांचे बसायचे दांडे जाळीपासून लांब, कारण पंजा आत घालून डोके ओढणारेही असतात. मी एक खिळा तिरका ठोकला तर म्हणाल्या, "भावजी, फाइलीत टाचणी टोचायची सवय गेली नाही तुमची. हे लाकूड आहे, त्याला जीव लावून ठोका."

सापळ्याविषयी मात्र त्यांचे मत पक्के होते. कोणी सुचवले की त्या उसळत. "सापळा लावायचा म्हणजे आपलं कुंपण कच्चं आहे असं आपणच चोराला लिहून द्यायचं. आणि सापडलेल्याचं करायचं काय? मारायचं? मग उद्या त्याच्या जागी दुसरा येतो, त्याला आपलं घर नवीन, तो जास्त धडपडतो. जुना चोर बरा. इथं काही मिळत नाही हे त्याला पाठ झालेलं असतं." हे वाक्य मी स्वतः चारदा तरी ऐकले होते. नऊ नंबरच्या कुंपणालगत सापळा सापडला तेव्हा तो वहिनींचा असणे शक्य नाही, हे सोसायटीत ज्याला सर्वांत चांगले ठाऊक होते तो माणूस मीच. सापळा माझा नसता तरी मला ते ठाऊक असते.

आता त्या फेब्रुवारीकडे येतो. सोसायटीत कोंबड्यांवरून कुरकूर वाढली होती. अध्यक्ष घोषबाबू सज्जन, पण वहिनींच्या कोंबड्याच्या आरवण्याने त्यांची सकाळची झोप मोडे. कोंबड्यांमुळे कोल्हे येतात, साप येतात, असे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज कोणीतरी लिही. मी सेक्रेटरी होतो. त्यातच वहिनींच्या तीन कोंबड्या गेल्या. त्या संध्याकाळी आत न येता फणसाच्या झाडावर बसून राहिल्या होत्या आणि वहिनींच्या ते लक्षात आले नव्हते. "माझीच चूक," त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले आणि भिंतीवर ओणवलेली फांदी तोडून घेतली. पण फाटकाजवळ पिसे उडताना सर्वांनी पाहिली होती. घोषबाबूंनी रविवारी बैठक लावली. विषय एकच, कोंबड्या ठेवायच्या की नाहीत.

मला वाटले, बैठकीआधी चोर पकडून सर्वांसमोर ठेवला तर कटकट मिटेल. वहिनींचे काम होईल आणि ते मी केलेले असेल. यातले दुसरे मला पहिल्याहून जास्त हवे होते, हे आज लिहून टाकतो. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारले. एकदा हाताने काहीतरी करून दाखवावे, तेही त्या हातोडीवाल्या बाईला, असे मनात होते.

हावड्याच्या एका छोट्या कारखान्यातून मी लोखंडी पिंजरा आणला. आत आमिष उचलले की मागचे दार पडते. आमिष काय ठेवायचे हे वहिनींना विचारता येत नव्हते. त्यांनी पूर्वी सांगितले होते की भाम पिकलेल्या केळ्यासाठी वेडा होतो. ते मला आठवत होते, पण पटत नव्हते. कोंबडी खाणारे जनावर केळ्याला कशाला येईल? आणि मी असा विचार केला, तो माझ्यासारख्या शाकाहारी पुणेकरालाच सुचू शकतो, की बंगालमध्ये सगळेच मासे खातात, तर भामही खात असेल. मी बाजारात गेलो. कोळीण मला ओळखत होती, कारण मी तिच्यासमोरून रोज नाकाला रुमाल लावून जात असे.

"काका, तुम्ही?" ती म्हणाली. "घरच्या काकीमा मासे खायला लागल्या वाटतं शेवटी!"

"मांजरासाठी हवंय," मी म्हटले.

तिने रोहूचे एक मोठे डोके पिशवीत घातले. ती पिशवी अंगापासून हातभर लांब धरून मी घरी आणली. वहिनींची कुंपणाभोवतीची फेरी झाली, त्या आत गेल्या, आणि मग मी त्यांच्या मागच्या जाळी आणि भिंत यांच्यामधल्या पट्ट्यात पिंजरा ठेवून आलो.

सकाळी सहाला धुके होते. मी जवळ गेलो तर पिंजऱ्यात भाम नव्हता. राखी अंगावर काळे ठिपके, कपाळावर रेघा, घरच्या मांजराच्या दुप्पट आकार, आणि घशातून असा आवाज की मी दोन पावले मागे सरलो. पुण्याकडच्या माणसाच्या डोक्यात उसातला बिबट्या बसलेला असतो. मला ते बिबट्याचे पिल्लू वाटले आणि आई जवळपास असणार असे वाटले. मी "बाघ! बाघ!" असे ओरडत फाटकाकडे पळालो. दरवानाने शिट्टी मारली. पाच मिनिटांत रस्त्यावरची, चहाच्या टपरीवरची, फिरायला निघालेली अशी साठ-सत्तर माणसे वहिनींच्या परसात होती. कोणाकडे काठ्या होत्या, कोणाकडे विटा, आणि सगळ्यांकडे मोबाइल. एकाने बांबू आत खुपसला. जनावराने तो चावला, मग लोखंड चावले. त्याच्या तोंडातून रक्त येऊ लागले.

वहिनी घरातल्या गाउनवरच बाहेर आल्या. एक नजर टाकली आणि थेट गर्दीत शिरल्या. बांबूवाल्याच्या हातातून बांबू ओढून घेतला. आबांची लोकरी शाल पिंजऱ्यावर टाकली, तशी आतली धडपड कमी झाली. मग खुराड्यामागची फळी आणून ती पिंजऱ्यावर आडवी ठेवली आणि त्या स्वतः तिच्यावर बसल्या. अडुसष्ट वर्षांची बाई, केस मोकळे, हातात तो बांबू.

"केउ हात देबे ना!" त्या ओरडल्या. "आगे आमाके मारो!" कोणी हात लावायचा नाही, आधी मला मारा.

"बौदी, वाघ आहे तो!" कोणीतरी म्हणाले.

"वाघ नाही, बाघरोल आहे. मासे खातो. चार वर्षं बघतेय मी त्याचे पाय, पुकुराच्या काठाला. माझ्या एका पिसाला त्यानं हात लावलेला नाही. तुमच्यातल्या किती जणांबद्दल मी असं म्हणू शकते?"

गर्दीत कोणीतरी हसले आणि तिथून गर्दीचा जोर ओसरला. वनखात्याची गाडी यायला जवळजवळ तीन तास लागले. तेवढा वेळ वहिनी पिंजऱ्यावरून उठल्या नाहीत. मी पाणी नेऊन दिले. ते त्यांनी घेतले, पण माझ्याकडे पाहिले नाही.

बाघरोल हे मासे धरणारे रानमांजर कायद्याने वाघाइतकेच संरक्षित आहे. त्याला सापळ्यात धरणे गुन्हा. वनखात्याच्या माणसाने विचारले, पिंजरा कोणाचा? घोषबाबूंनी वहिनींच्या खुराड्याकडे पाहिले. सगळ्यांनीच तिकडे पाहिले. मी एका बाजूला उभा होतो, हातात सोसायटीचे लेटरहेड, कारण वहिनींचा जबाब इंग्रजीत लिहून द्यायला वनखात्याच्या माणसाने सेक्रेटरीला सांगितले होते. मी लिहिले की घर क्रमांक नऊमध्ये कोंबड्या पाळल्या जातात, पूर्वी त्यांच्यावर हल्ले झाले आहेत आणि आज सकाळी त्यांच्या कुंपणालगतच्या पिंजऱ्यात हे जनावर आढळले. त्यात खोटा शब्द एकही नव्हता. पिंजरा कोणी आणला, एवढेच लिहिले नव्हते.

वहिनींनी कागद घेतला आणि सावकाश वाचला. मग मला मराठीत विचारले, "भावजी, एवढंच लिहायचं?"

"एवढं पुरे," मी म्हणालो.

त्यांनी सही केली.

मी का बोललो नाही, याची कारणे मी देत नाही. आठ वर्षांत मी बरीच तयार केली होती आणि त्यातली काही ऐकायला बरी वाटतील, म्हणून देत नाही. मी घाबरलो, एवढेच.

जनावराचा एक सुळा तुटला होता. उपचार करून आठवड्याने त्याला पलीकडच्या पाणगवतात सोडले. सोडताना आपल्यालाही येऊ द्यावे, असे वहिनींनी विचारले. आरोपीला येता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. सोसायटीतर्फे मी गेलो. वनखात्याच्या माणसांशेजारी उभा असलेला माझा फोटो पुढे कितीतरी वर्षे सोसायटीच्या कचेरीत होता. वहिनी कागद घेऊन वनखात्याच्या कचेरीत पाच-सहा वेळा जाऊन बसल्या. शेवटी ताकीद देऊन प्रकरण मिटले. रविवारच्या बैठकीत ठराव झाला की सोसायटीत कोणीही कोंबड्या पाळू नयेत. तो मी माझ्या हाताने लिहिला.

बैठकीत वहिनी उठून म्हणाल्या, "ठराव तुमचा. घर माझं. कोंबड्या कुठं ठेवायच्या ते मी ठरवणार आणि घर कुठं ठेवायचं तेही मीच ठरवणार." तो राग आहे, उतरेल, असे सर्वांना वाटले. दोन महिन्यांत त्यांनी हावड्याच्या पलीकडे, पाणगवत आणि भातशेती यांच्यामधल्या एका गावात पत्र्याचे घर भाड्याने घेतले. मुलगा विमानाने आला, समजावले, ओरडला, परत गेला. जायच्या दिवशी त्यांनी कुंपण उकलले. मातीखालची जाळी सुद्धा विटा काढून बाहेर घेतली, झटकली, गुंडाळली. मी मदतीला गेलो. या खेपेला त्यांनी माझ्या कामावर एकही शेरा मारला नाही. टेंपो निघताना घोषबाबू मनापासून म्हणाले, "बौदी, एवढ्याशा कोंबड्यांसाठी घर सोडता?" वहिनी पुढच्या सीटवर चढून बसल्या आणि म्हणाल्या, "कोंबड्या सोडल्या असत्या तर उद्या तुम्ही घंटा वाजवू नका म्हणाला असता, परवा गाऊ नका. मला पुढच्या गोष्टीपर्यंत थांबायचं नव्हतं."

त्यानंतर सहा वर्षांनी मी त्यांच्याकडे गेलो. लाँच, बस आणि शेवटी टोटो, म्हणजे विजेवरची रिक्षा. परसात तसेच कुंपण होते आणि वहिनी दांड्याखालची राख बदलत होत्या. चहा झाला. मग मी सांगितले. वाटेत जुळवलेली वाक्ये काही आठवली नाहीत. "तो पिंजरा माझा होता," एवढेच म्हणालो.

"मग?" वहिनी म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पिंजऱ्यात माशाचं डोकं होतं. कोंबड्या राखणारं माणूस भामाला मासा लावत नाही. आणि आपल्या कॉलनीत माशाची पिशवी मेलेल्या उंदरासारखी धरून आणणारा माणूस एकच. मी खिडकीतून बघितलं होतं तुम्हाला. म्हटलं, तुमच्या मंडळींना डोहाळे लागले वाटतं."

मी हसलो नाही. त्याही हसल्या नाहीत.

"मग सही का केलीत?"

"जनावर उन्हात मरत होतं, भावजी. तिथं भांडत बसले असते तर गाडी हलली नसती. म्हटलं, आत्ता सही करू, हे संध्याकाळी येतील. संध्याकाळी वाट बघितली. दुसऱ्या दिवशी बघितली. रविवारी बैठकीत तुम्ही ठराव लिहायला पेन काढलंत, तेव्हा बघायचं सोडलं."

"वहिनी, मला माफ..."

"ते नको," त्यांनी हात वर केला. "माफी माझ्याकडं मागायला आलात, कारण इथं कुणी ऐकत नाही. जिथं लिहिलंत तिथं जाऊन लिहा. वनखात्यात, सोसायटीत, मंडळात. तीन ठिकाणं आहेत, फार नाहीत. आणि आता उठा, शेवटची लाँच चुकेल."

मी जाऊन लिहिले नाही. त्या वर्षी पत्नीचे गुडघ्याचे ऑपरेशन होते, मग घोषबाबूंच्या मुलीचे लग्न होते, मग काय होते ते आठवतही नाही. गेल्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. शेजारणीने त्यांना सकाळी खुराड्याच्या दारापाशी बसलेले पाहिले, पाठ लाकडाला टेकलेली. स्मरणिका हातात पडली ती त्यानंतर.

आता तिन्ही ठिकाणे झाली आहेत. वनखात्यातला तरुण अधिकारी म्हणाला, "जेठू," म्हणजे थोरले काका, "प्रकरण कधीच बंद झालं. आता कशाला?" मी म्हटले, बंद असेल तर उघडा, आणि माझा जबाब त्यात लावून परत बंद करा. त्याने शिक्का मारून पोच दिली. सोसायटीच्या वार्षिक सभेत मी उभा राहून सगळे वाचले. घोषबाबू म्हणाले, वय झाले की माणसाला अपराध आठवतात, मनावर घेऊ नका. मी म्हटले, माझ्या वयाचा आदर करायचा असेल तर हे इतिवृत्तात लिहा. त्यांनी लिहिले नाही. मग मी कचेरीतल्या भिंतीवरचा माझा फोटो काढला, घरी आणला आणि त्याच जागी माझ्या जबाबाची प्रत चिकटवली. ती दोनदा काढली गेली, मी तीनदा लावली. तिसरे ठिकाण म्हणजे हा लेख.

वहिनींनी न सांगितलेले एक चौथे काम मी केले आहे. त्यांच्या मुलाला विचारून मी त्या गावातून त्यांच्या आठ कोंबड्या आणि जाळीचा तो गुंडाळा टेंपोत घालून आणला. आमच्या परसात कुंपण उभारायला मला पाच आठवडे लागले. एक्याऐंशीव्या वर्षी कुदळ जड लागते. पत्नी खिडकीतून बघत होती. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "तिसरा खांब वाकडा आहे. वहिनींनी उपटायला लावला असता." मी उपटला आणि पुन्हा पुरला.

सोसायटीची नोटीस आली आहे. ठरावाचा भंग झाल्याचे तिच्यात म्हटले आहे, आणि तो ठराव माझ्याच अक्षरातला असल्यामुळे त्याची प्रत सोबत जोडली आहे. कोंबड्या सात दिवसांत हलवाव्यात. आज नववा दिवस आहे.